डेमोच्या दिवशी तू जे बोललास

एलीदादा,

गुरुवारी नदीकाठी तुझ्यासाठी सभा झाली. आपल्या पट्ट्यातले सगळे राफ्टिंगवाले आले होते, ज्यांच्याशी तुझं कधी पटलं नाही तेसुद्धा. तुझा हेल्मेट घातलेला, हसरा फोटो प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला होता. एकेक जण उठायचा, तुला देवमाणूस म्हणायचा आणि खाली बसायचा. मग कुणीतरी म्हणालं, "वनिताताई, आता तुम्ही बोला. तुम्ही तर त्यांच्या पहिल्या शिष्या."

मी म्हटलं, "मला बोलायचं नाय."

लोकांना वाटलं, रडू आवरत नसेल. तसं काही नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत, तुझ्या फोटोसमोर बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं होतं. दीड वर्ष सांगितलं नाही आणि आता ऐकायला तू नाहीस. म्हणून लिहायला बसले आहे.

तू देवमाणूस नव्हतास. आणि हे मी कुणाहीपेक्षा जास्त हक्कानं म्हणू शकते, कारण मला माणसात आणलंस ते तूच.

मी तुझ्या कॅम्पवर आले होते ती पोहे करायला. सकाळी धरणाचं पाणी सुटायच्या आधी पर्यटकांना पोहे आणि चहा द्यायचा, ते नदीवरून परत आले की वरण-भात आणि चिकन. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पोर दीड वर्षाची होती. माझ्या नवऱ्याला, सुभाषला, तेव्हा डोलवीच्या कंपनीत नुकतंच कॉन्ट्रॅक्टवर काम लागलं होतं. त्याच्या शिफ्टप्रमाणे घर चालायचं आणि तुझ्या पाण्याप्रमाणे माझी चूल.

एका सकाळी पाहुण्यांतली एक बाई फोटो काढायला काठावरच्या दगडावर उभी राहिली आणि घसरली. तू आणि बाकीचे सगळे वरच्या अंगाला राफ्ट उतरवत होतात. पाणी नुकतंच चढायला लागलं होतं. मी उलथनं टाकलं आणि साडीसकट उडी मारली. बाईला केसांना धरून काठाला आणलं. तू धावत आलास, आधी तिच्याकडं बघितलंस, ती शिव्या घालते आहे म्हणजे धड आहे अशी खात्री केलीस, आणि मग माझ्याकडं वळलास.

"पोहायला कुठं शिकलीस गो?"

"त्यात शिकायचं काय? म्हशी धुवायला जायचो ना."

"मग वल्हं पण मारशील."

दुसऱ्या दिवशी तू घरी आलास. ओटीवर सुभाष होता, सासूबाई होत्या. त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोललास, चहा घेतलास. मला वाटलं, आता सुभाषला विचारशील, 'बायकोला पाठवतोस काय?' पण तू दारात उभ्या असलेल्या मला विचारलंस, "तुला शिकायचं हाय काय?" त्या घरात आल्यापासून मला काय हवंय हे असं सगळ्यांसमोर कुणी विचारलं नव्हतं. मी "व्हय" म्हटलं. सुभाष हसला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

ती गोष्ट मी कधी विसरले नाही. म्हणूनच पुढचं गिळता आलं नाही.

कयाक शिकायला मला पूर्ण एक हंगाम लागला. एकट्यानं बसायची ती चिंचोळी बंद होडी, कमरेभोवती रबराची झालर ताणून बसवायची म्हणजे पाणी आत येत नाही. होडी उलटली की बाहेर यायचं नाही, आत बसल्याबसल्याच कमरेचा झटका देऊन तिला सरळ करायचं. त्याला तुम्ही सगळे रोल म्हणता. मला तो महिनाभर जमला नाही. तू छातीएवढ्या शांत पाण्यात उभा राहायचास आणि माझी होडी हातानं उलटी करायचास. मी पाण्याखाली डोळे उघडे ठेवून तुझे पाय बघत राहायचे. घाबरून डोकं आधी वर काढलं की होडी पुन्हा कोसळायची. तू ओरडायचास, "डोकं शेवटी! आधी कंबर, मग खांदा, डोकं शेवटी! डोकं आधी काढलंस तर नदी तुला परत घेईल."

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तू ओरडला नाहीस. नुसता पाण्यात उभा राहून हसत होतास. संध्याकाळी रोह्याच्या घरी घेऊन गेलास. तुझ्या आईनं मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वरून वेलची, भोवतीनं फळं मांडलेली. तुम्हा ज्यू लोकांत नवस फेडायला करतात, असं तू सांगितलंस. मी विचारलं, "नवस कुणी बोललं होतं?" तर आई तुझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "यानं. म्हणाला, ही शिकली तर बरं होईल, मला शनिवारचं कुणी नाय."

तेव्हा मी हसले. खरंच तुला शनिवारचं कुणी नव्हतं. आठवड्याभरात सगळ्यांत जास्त गर्दी शनिवारची आणि तू शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की शनिवार मावळेपर्यंत नदीला हात लावायचा नाहीस. बाकीचे राफ्टिंगवाले तुला वेडा म्हणायचे. तू म्हणायचास, "आमच्या बापजाद्यांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, मी काय होडी चालवू?" त्यामुळं रोल आला त्या हंगामापासून शनिवार माझे झाले. राफ्टमध्ये पर्यटक, आणि त्यातलं कुणी पाण्यात पडलं तर उचलायला कयाकमध्ये मी. तू त्या दिवशी नदीवर नसायचास, म्हणून मी शिकले. कुठला दगड कुठल्या पाण्यात दिसतो आणि कुठल्या पाण्यात लपतो, ते मला शनिवारांनी शिकवलं. तू असतास तर मी तुझ्या पाठीमागंच राहिले असते.

आणि रविवारी सकाळी तू यायचास आणि विचारायचास, "काल काय काय झालं?" मी सांगायचे. तू एकेक वळण विचारून घ्यायचास, जसं काही तुझं पोर एक दिवस दुसऱ्याच्या घरी राहून आलंय.

तुझी माणसं एकेक करत गेली, ते मी बघितलं. बहीण परदेशी राहायला गेली, मोठा भाऊ गेला. मग एझ्रा, तुझ्या पाठचा. तो जायचा तेव्हा तू त्याला विमानतळावर सोडून परत आलास आणि सरळ कॅम्पवर येऊन लाइफ जॅकेटं धुवायला बसलास. साठ जॅकेटं धुतलीस. मी विचारलं, "तू कधी जाणार?" तर म्हणालास, "तिकडं नदी नाय." खोटं होतं, नदी असेल तिकडं पण. पण मी पुढं विचारलं नाही. मग आई वारल्या. रोह्याच्या त्या घरात तू एकटा राहिलास आणि शुक्रवारचा दिवा तूच लावायला लागलास.

हे सगळं मला ठाऊक होतं, एलीदादा. ठाऊक असूनही माझा राग कमी होत नाही, हे आधीच सांगते.

आता डेमोचं.

कयाक विकणारी ती बाहेरच्या राज्यातली मंडळी पहिल्यांदाच आपल्याकडं आली होती. टेम्पोतून सहा होड्या आणल्या होत्या आणि काठावरच्या गवतावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. तसल्या होड्या आपण मोबाईलवरच बघितलेल्या. प्रत्येकानं दोन निवडायच्या, एकेकदा घेऊन खाली जाऊन यायचं, असं ठरलं होतं. पाणी तीन तासच राहतं, माणसं वीसेक. त्यांच्यातला जोसेफ नावाचा माणूस सगळ्यांशी हिंदीत बोलत होता आणि वहीत लिहून घेत होता. तो आदल्या दिवशीच सांगून गेला होता की या पट्ट्यातून एकाला ते होडी देणार, चार महिने केरळात शिकवणार आणि तिथल्या शर्यतीत उतरवणार.

मी सकाळी सहालाच गेले होते. कुणी यायच्या आधी ओळीतून दोनदा फिरले. मला पहिल्या नजरेत निळी आवडली. सगळ्यांत छोटी, बुडाला चपटी, कडा धारदार. मी आत बसून बघितलं. गुडघे जिथं टेकायला हवेत तिथंच टेकले, दोन्ही बाजूंनी कंबर धरली गेली. होडीनं मला धरलंय असं वाटलं. इतकी वर्षं मी तुझ्या जुन्या कयाकमध्ये दोन्हीकडं थर्माकोलचे तुकडे कोंबून बसत होते. ती होडी तुझ्या मापाची होती.

तू आलास तेव्हा मी अजून आतच बसले होते.

"ही नको," तू म्हणालास.

"का?"

"लहान हाय. खालच्या मोठ्या लाटेत ही नाकानं आत शिरंल. पिवळी घे आधी. मोठी हाय, बुडत नाय."

पिवळी सगळ्यांत मोठी होती. मी वाकून बघितलं, आत ऐंशी किलोच्या माणसासाठी असं लिहिलं होतं. मी पन्नास किलोची. पण तू सांगितलंस म्हणून मी पिवळी घेतली. तुझं ऐकायची सवय होती. बारा वर्षांची.

तीत मी म्हणजे डब्यात टाकलेला वाटाणा. कमरेला होडी लागतच नव्हती, मी एकीकडं झुकायचे, ती भलतीकडं जायची. पहिल्याच वळणावर काठाच्या शांत पाण्यात शिरायचं ते हुकलं. दुसऱ्या लाटेत उलटले. खाली कमरेचा झटका दिला तर मीच आतल्या आत फिरले, होडी जागची हलली नाही. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा श्वास संपला आणि मी झालर ओढून बाहेर पडले. सगळ्यांच्या देखत पोहत काठाला आले. ज्या पाण्यात मी शेकडो लोकांना वाचवलं त्या पाण्यात. एक जण हसून म्हणाला, "शनिवारवाली बुडाली रे!"

तू काठावर होतास. हसला नाहीस. पण माझ्याकडं बघितलंही नाहीस.

दुसरी पाळी आली तेव्हा तू म्हणालास, "बस आता. दमलीस. पुढच्या वर्षी बघू." मी तुझ्याशी न बोलता निळी उचलून खांद्यावर घेतली आणि वर चालत गेले.

पुढची पंधरा मिनिटं तुला सांगायला नकोत, तू बघितलीस. खालच्या मोठ्या लाटेत, जिथं ती नाकानं आत शिरेल असं तू म्हणाला होतास, तिथं मी ती आडवी घातली आणि लाटेवर थांबवून धरली. वाहत गेले नाही, उलटले नाही, तिथंच लाटेच्या पाठीवर डावी-उजवी करत राहिले. एकदा मुद्दाम उलटी झाले आणि दुसऱ्या क्षणाला वर आले. कंबर, खांदा, डोकं शेवटी. काठावर आले तेव्हा जोसेफ पाण्यात गुडघाभर उतरून उभा होता. म्हणाला, "दीदी, फिर से जाओगी?" मी पुन्हा गेले. परत आले तर त्यानं वही उघडली. नाव विचारलं, वय विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं. म्हणाला, महिन्याभरात फोन येईल.

घरी येऊन सुभाषला सांगितलं.  तो जेवत होता. त्यानं भात कालवता कालवता विचारलं, "चार महिने?"

"व्हय."

"जा की. पोरीचं मी बघतो. पहिली शिफ्ट मागून घेतो, ती शाळेतून यायच्या आत घरी असंन." मग म्हणाला, "आईला मी सांगतो. तू नको सांगूस."

महिना गेला. फोन आला नाही. दोन महिने गेले. मी रोज मोबाईल बघायचे, मग दिवसातून एकदा, मग सोडून दिलं. तू म्हणालास, "ह्या कंपनीवाल्यांचं असंच असतं गो. लिहून नेतात आणि फाडून टाकतात." तू मला चहा दिलास, माझ्या पाठीवर थापटलंस. मी त्या दिवशी तुझ्यासमोर रडले, हे आठवतं का तुला? मला आठवतं. मी तुझ्यासमोर रडले आणि तू मला थापटत राहिलास.

जोसेफ मला आठ महिन्यांनी भेटला, कोलाड नाक्यावर. तो चहा पीत उभा होता, मी पोरीची वह्या-पुस्तकं घ्यायला गेले होते. ओळखून म्हणाला, "दीदी, आपका बहुत अफसोस हुआ." मी म्हटलं, "मेरा? क्यूं?" तर त्यानं सांगितलं. डेमोच्या दिवशी दुपारी, होड्या टेम्पोत चढवताना, तू त्याच्याजवळ गेलास. म्हणालास, 'हिचं नाव काढा. हिच्या नवऱ्याला पसंत नाय. घरात भांडणं होतील, हिला त्रास होईल. ती तोंडानं सांगणार नाय, म्हणून मी सांगतो.' मग त्यानं दुसरीकडचा एक मुलगा घेतला.

मला त्या माणसाचा राग आला नाही. बिचारा चहाचा ग्लास हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिला.

मी तशीच रिक्षा करून कॅम्पवर आले. तू राफ्टला ठिगळ लावत होतास, हाताला चिकटवायचं सोल्युशन लागलेलं. मी विचारलं. तू नाही म्हणाला नाहीस, एवढं तुझ्याबद्दल चांगलं सांगते.

"तुझ्या भल्यासाठी," म्हणालास.

"माझं भलं मला विचारून करायचं ना. पहिल्यांदा घरी आलास तेव्हा विचारलं होतंस."

"पोर अजून शाळेत हाय तुझी."

"पोरीचा बाप हाय ना! त्याचं नाव घेतलंस तू. तो 'जा' म्हणाला होता, आणि तू त्याला बायकोला कोंडून ठेवणारा केलास!"

"वनिता, तुला ठाऊक नाय बाहेर काय असतं..."

"मग बघू द्यायचं होतंस."

तू ठिगळावर हात दाबून धरलास. सोल्युशन सुकेपर्यंत हात काढता येत नाही, ते मला ठाऊक होतं. मी माझं हेल्मेट खुंटीवरनं काढलं आणि निघाले. तुला हात काढून उठता आलं असतं. राफ्ट पुन्हा चिकटवता आली असती.

घरी सुभाषला सांगितलं. तो म्हणाला, "लोकांना तसंच वाटलं असंल ना गो इतके दिवस? की मी नाय पाठवलं." मला तेव्हा तुझा खरा राग आला. आधीचा माझ्यासाठी होता.

मी नदीच्या खालच्या अंगाला दुसऱ्याच्या कॅम्पवर काम धरलं. तिथं सगळे दिवस माझे होते. तुझा कॅम्प मग शनिवारी बंद राहायला लागला. आणि नदी एकच, त्यामुळं रोज सकाळी आपण समोर यायचो. दीड वर्षात एक शब्द बोललो नाही, पण पाण्यावर खुणा कराव्याच लागायच्या. वल्हं उभं धरलं की 'ये', आडवं धरलं की 'थांब'. तू वळणाच्या पलीकडं असायचास, मला पुढचं काही दिसायचं नाही, आणि तू वल्हं उभं धरायचास. मी एकदाही थांबून विचार केला नाही, सरळ यायचे. जिवाच्या बाबतीत तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास होता. तुझ्या हातचा चहा मात्र नको होता. हे दोन्ही एकाच वेळी कसं असतं ते मला अजून उलगडलेलं नाही.

तुला पुरताना मी होते. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. तुमच्या प्रार्थनेला तुमच्याच धर्मातले दहा पुरुष लागतात. रोह्यात तीन निघाले. पेणहून दोघं आले, अलिबागहून एका गाडीतून चौघं. नऊ झाले. दहावा ठाण्याहून निघाला होता आणि रस्त्यात अडकला होता. आम्ही कब्रस्तानाच्या बाहेर झाडाखाली उभे. राफ्टिंगची तीसेक पोरं होती, बाकी गाववाले होते. शंभरावर माणसं तुझ्यासाठी उभी होती आणि एक कमी पडत होता. दुपारचे तीन वाजले, साडेतीन वाजले. मग तो आला, सत्तरीचा म्हातारा, धापा टाकत, तुला कधी बघितलेलंही नसेल त्यानं. त्यानं टोपी घातली आणि प्रार्थना सुरू झाली.

सुभाष अर्धी शिफ्ट टाकून आला होता. मी त्याला म्हटलं होतं, "तू नाय आलास तरी चालंल." तर म्हणाला, "माणूस गेला गो. चल." माती लोटायला फावडं कमी पडलं तेव्हा त्यानं पँट दुमडली आणि हातानं माती लोटली. ज्याचं नाव तू खराब केलंस त्यानं. त्याच्या नखांतली माती दोन दिवस निघाली नाही.

एझ्रा तिकडून व्हिडिओवर होता. एका पोरानं फोन धरला होता. सगळं झाल्यावर त्यानं फोन माझ्याकडं द्यायला सांगितलं. म्हणाला, "वनिता, शेवटी तो काय बोलला का? तू भेटली होतीस म्हणे." मी म्हटलं, "फार बोलता येत नव्हतं." तो रडायला लागला. मी फोन पोराकडं दिला.

खोटं होतं ते. तू बोललास. ती एकच गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती कुणाला सांगितलेली नाही, सुभाषलाही नाही.

तुला पेणच्या दवाखान्यात ठेवल्याचं मला चार दिवसांनी कळलं. लेप्टो, म्हणाले, घाण पाण्यातनं येणारा ताप, किडन्यांपर्यंत गेलाय. मी दुपारच्या एसटीनं आले. तू डोळे मिटून पडला होतास, डोळ्यांच्या कडांपर्यंत पिवळा, हातापायांवर सूज. तुझे हात मी एवढे मऊ कधी बघितले नव्हते. नर्सनं माझ्यासाठी एक स्टूल पुढं सरकवलं. मी बसले नाही. पिशवी खांद्यालाच ठेवली.

तू डोळे उघडलेस. बराच वेळ बघितलंस, मग म्हणालास, "आलीस."

"आले."

"पाणी किती हाय?"

"रोजच्याइतकंच."

 शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं कुणीतरी संत्रं सोलत होतं. मी आयुष्यभर सरळ बोलले, तिथंही सरळच विचारलं, "शनिवारांसाठी केलंस काय? तुझा धंदा बुडंल म्हणून?"

तू मान हलवलीस. "नाय गो. शनिवारचं काय, दुसरा कुणी ठेवला असता."

"मग?"

तू छताकडं बघत बोललास. एकेक शब्द वर ओढून काढावा लागत होता. "त्या निळीत तुला बघितलं ना... मला कळलं, ही आता थांबत नाय. केरळात जाईल. मग आणखी पुढं. सगळी गेली ना माझी. एझ्रा पण म्हणाला होता, चार-सहा महिन्यांसाठी जातो. तू बी गेली असतीस, वनिता. परत आली नसतीस."

"मी आले असते."

"असं सगळी बोलतात."

 माझ्या भल्याचं तू काही बोलला नाहीस, पोरीचं नाही, बाहेरच्या जगाचं नाही. पहिल्यांदा खरं बोललास. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मला एवढंच दिसलं की माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट एका माणसाला एकटं राहायची भीती वाटली म्हणून गेली. आणि त्यानंतर मी तुला सोडून गेलेच. केरळात गेले असते तर चार महिन्यांनी परत आले असते. तू मला अडवलंस, म्हणून दीड वर्ष गेले, तेही चार वळणं खाली, तुझ्या डोळ्यांसमोर.

तू स्टुलाकडं बघितलंस. "बस ना जरा."

"एसटी हाय."

"राग गेला काय गो?"

"नाय," मी म्हटलं.

तू मान हलवलीस, मी बरोबर उत्तर दिल्यासारखी. मी निघाले. स्टँडवर आले तर एसटीला अजून चाळीस मिनिटं होती. मी चाळीस मिनिटं तिथं बाकावर बसून राहिले. दवाखाना रस्त्याच्या पलीकडं होता, खिडक्या दिसत होत्या. उठून परत जाता आलं असतं. गेले नाही. दोन दिवसांनी सकाळी तू गेल्याचा फोन आला.

मी त्या 'नाय'चा पश्चात्ताप करत नाही. तू खरं बोललास, मीही खरंच बोलले. तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले असते तर तू ओळखलं असतंस, बारा वर्षं तू माझं तोंड वाचत होतास. पुढच्या महिन्यात मी छत्तीस पूर्ण करीन. तसा डेमो पुन्हा आला नाही. आला तरी आता माझ्या खांद्याला ते झेपेल असं नाही. जे गेलं ते गेलं आणि ते तुझ्यामुळं गेलं. सभेत सगळे देवमाणूस म्हणत होते तेव्हा माझ्या पोटात हे होतं.

आज पुन्हा विचारलंस, राग गेला काय गो, तरी मी 'नाय'च म्हणेन, एलीदादा.

पण पिशवी खाली ठेवेन, आणि बसून म्हणेन.